कॅचरचे पाय

शिकागोजवळच्या शॉमबर्गला राहणाऱ्या नीलाकाकूंचा फोन आला. त्यांचे मोठे भाऊ अमरावतीला हॉस्पिटलमध्ये आहेत आणि डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते माझ्याच आजाराचं आहे. गिलाँ-बारे सिंड्रोम. नाव उच्चारायला अवघड, म्हणून सगळे जीबीएस म्हणतात.

"तू बोल ना रे त्यांच्याशी," काकू म्हणाल्या.

"बोलतो की. नंबर द्या."

"त्यांना बोलता येत नाहीये सध्या. नुसतं ऐकतात. तू काहीतरी लिहून पाठव, वहिनी वाचून दाखवेल. पण इंग्लिशमध्ये नको हं."

म्हणून हे मराठीत. माझी शाळा नाशिकला पाचवीपर्यंत झाली. मग बाबांना अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. त्यानंतरचं माझं मराठी म्हणजे आईशी फोनवर बोलतो तेवढं. शुद्धलेखन बाबांनी तपासून दिलं आहे. मजकुरात त्यांना हात घालू दिलेला नाही.

काका, मी डॉक्टर नाही. औषधांचं तुमचे डॉक्टर बघतील. मी बेसबॉल खेळायचो, आणि त्यावरच घर चालायचं. मी कॅचर होतो.

कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर समजा. फक्त तो फलंदाजाच्या मागे अगदी हातभर अंतरावर उकिडवा बसतो. तोंडावर जाळी, छातीवर आणि नडग्यांवर पॅड. समोरून पिचर ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगानं चेंडू टाकतो, तो डाव्या हातातल्या मोठ्या ग्लोव्हमध्ये झेलायचा. पुढचा चेंडू कोणता टाकायचा तेही आपणच पिचरला कळवायचं. प्रत्येक चेंडूला बसायचं, बरेचदा उठायचं. आई पहिल्यांदा माझी मॅच बघायला आली तेव्हा घरी जाताना गाडीत म्हणाली, "आपल्याकडची माणसं उकिडवं बसून कामं करायला लागू नयेत म्हणून शिकतात, आणि तू शिकून उकिडवा बसतोस."

कॉलेजमधून मला एका संघानं घेतलं, खेळाडूंच्या निवडीत अगदी शेवटी शेवटी. त्यानंतर सगळे उन्हाळे छोट्या गावांमधून गेले. बसचा प्रवास, मॉटेल, खेळ, परत बस. सगळ्यात वरच्या लीगमध्ये मी एकदाच पोचलो, तिथल्या कॅचरचं बोट मोडलं तेव्हा, काही आठवड्यांपुरता. बहुतेक दिवस बाकावर बसून होतो. एकदा बॅटला चेंडू बरा लागला, दोन फिल्डरांच्या मधून गेला आणि मी धावत पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या चार टप्प्यांतल्या पहिल्यावर, पोचलो. त्या बोटाचं हाड जुळलं, मी खाली आलो.

ज्या वर्षी आजारी पडलो त्या वर्षी मी वरून दुसऱ्या पायरीवर होतो. सीझन सुरू होताना मॅनेजरनं सांगितलं होतं, "वर कुणाला काही झालं तर पहिला फोन तुला." आजारी पडेपर्यंत मी फोन खिशात घेऊन फिरत होतो.

मुंग्या

जूनमध्ये प्रवासात आमच्या अर्ध्या संघाचं पोट बिघडलं. कुठल्या तरी हॉटेलातलं चिकन. चार दिवसांत सगळे बरे झाले, मीही झालो. पुढे थोड्याच दिवसांत माझ्या पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या.

कॅचरला यात काहीच नवीन नसतं. उकिडवं बसून पाय झोपतात. डावा तळहात तर वर्षानुवर्षं बधिर असतो, चेंडू आदळून आदळून. मी ग्लोव्हच्या आत आणखी एक पॅडिंग घातलं. जिना चढताना मांड्या जड वाटल्या तेव्हा म्हटलं, ऊन आहे, सलग खेळतोय, होणारच. माझी बायको डॅना आमचा संघ ज्या गावचा तिथेच दुसरीच्या वर्गाला शिकवते. तिनं बघितलं की मी कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरतोय.

"नवीन सवय?" तिनं विचारलं.

"हात दमलाय," मी म्हणालो.

रविवारची दुपारची मॅच होती. पिचर होता लुईस, डोमिनिकन रिपब्लिकचा, माझा सगळ्यात जवळचा मित्र. पहिल्या काही इनिंगमध्येच, म्हणजे छोटे छोटे डाव, एका मॅचला असे नऊ, माझ्या हातातून साधे चेंडू निसटले. लुईस नुसता बघत होता. मग पहिल्या बेसवरचा समोरच्या संघाचा माणूस दुसऱ्याकडे पळाला. अशा वेळी त्याला बाद करायला कॅचरनं झटक्यात उठून चेंडू दुसऱ्या बेसवर फेकायचा असतो. हे मी लहानपणापासून हजारो वेळा केलेलं. चेंडू हातात आला, मी उठायला गेलो आणि उठलोच नाही. मागच्या मागे मातीत बसलो.

प्रेक्षकांत काही जण हसले. त्यांची चूक नाही, दिसायला ते तसंच दिसलं असणार. अंपायर खाली वाकला. "काय झालं?"

"काही नाही. घसरलो," मी म्हणालो.

लुईस धावत आला आणि त्यानं माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. दोन पावलं टाकली आणि गुडघे परत गेले. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

निदान

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्याखाली हलकेच मारलं. पाय उडाला नाही. दुसऱ्या पायावर मारलं. तोही उडाला नाही. पुन्हा पहिल्या पायावर. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण तिनं हातोडी खिशात टाकली, स्टूल ओढलं आणि बसली.

पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, विजेचे झटके देऊन नसा तपासल्या. संध्याकाळी ती परत आली. डॅना माझ्या शेजारी होती, आई-बाबा ट्रॉयहून निघाले होते.

"तुझ्या शरीराची संरक्षण यंत्रणा तुझ्याच नसांवर उलटली आहे," ती म्हणाली. "बहुतेक लोक यातून बरे होतात. पण बरं होण्याआधी तू आणखी खाली जाणार आहेस. किती खाली, ते मला सांगता येणार नाही."

मी विचारलं, "खेळायला कधी लागेन?"

डॅनानं माझा हात दाबला. तिला वाटलं मी विनोद करतोय. मी विनोद करत नव्हतो.

"आधी तुझ्या श्वासाकडे बघू," डॉक्टरीण म्हणाली.

काका, तुम्हालाही कुणीतरी हेच सांगितलं असेल. 'बहुतेक लोक' या दोन शब्दांवर मी किती दिवस काढले ते माझं मलाच माहीत. कधी वाटायचं आपण बहुतेकांत आहोत, कधी वाटायचं नाही.

मोजणं

औषध शिरेतून सुरू झालं. तरी रोज सकाळी काहीतरी कमी झालेलं असायचं. एक दिवस पाऊल हलेना. मग गुडघा. मग चमचा उचलेना. गाल लुळे पडले, पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. ग्लोरिया नावाची नर्स दिवसपाळीला असायची, पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा. ती यायची आणि म्हणायची, माझा हात ढकल, माझा हात ओढ, पाऊल दाब. आणि शेवटी, एक खोल श्वास घे आणि त्या एका श्वासात मोठ्यानं आकडे म्हण. जिथपर्यंत आकडे जातील तेवढी फुप्फुसांत ताकद.

मी मराठीत मोजायचो. का ते माहीत नाही. वर्गात पाढे म्हणताना मोजायचो तसा, एक, दोन, तीन. ग्लोरियाला मराठी येत नव्हतं, मग ती विचारायची, "किती झाले?" मी इंग्लिशमध्ये सांगायचो आणि ती लिहून घ्यायची.

मला माहीत होतं की आकडा फार खाली गेला की घशात नळी घालतील. नळीची मला भयंकर भीती होती. वाटायचं, एकदा नळी गेली की आपण संपलो.

त्या सकाळी आई खुर्चीत बसली होती. मी मोजलं. अकराला श्वास संपला.

"किती झाले?" ग्लोरियानं विचारलं.

"वीस," मी म्हणालो.

ग्लोरिया लिहायला लागली. आई उठून उभी राहिली. ट्रॉयमध्ये इतकी वर्षं राहून आई दुकानातसुद्धा इंग्लिश बोलायला कचरते, बाबांना पुढे करते. ती म्हणाली, "नो. नॉट ट्वेंटी. इलेव्हन."

मी आईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"इलेव्हन," ती पुन्हा म्हणाली. "आय काउंटेड."

ग्लोरियानं पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला. दुपारी घशात नळी घालून मला व्हेंटिलेटरवर ठेवलं. डॉक्टर नंतर म्हणाले की वेळेत घातलं म्हणून सगळं शांतपणे झालं, नाहीतर धावपळीत करावं लागलं असतं. तेव्हा मात्र मी आईवर इतका चिडलो होतो की नळी घालण्याआधी ती कपाळावर हात ठेवायला आली तेव्हा मी मान वळवली. मान तेवढी वळत होती अजून.

नळी घातल्यावर

त्या दिवसांबद्दल थोडंच सांगतो. तुम्ही आत्ता त्यातूनच जाताय.

मी शुद्धीवर होतो. सगळं ऐकू येत होतं. डोळे नीट मिटत नव्हते म्हणून दुपारी झोपताना ग्लोरिया पापण्यांवर पट्टी लावायची. शरीर हलत नव्हतं, पण दुखत मात्र होतं. चादरीची घडी पोटरीखाली आली तरी कुणीतरी सळई टेकवल्यासारखं व्हायचं. आणि ते सांगता यायचं नाही.

लुईस आला. त्याला वाटलं होतं, आपली भाषा आहेच की. मैदानावर पूर्वी कॅचर बोटांनी खुणा करायचे, एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन म्हणजे वळणारा. आता मनगटावरच्या यंत्राची बटणं दाबून पिचरला कळवतात, पण आम्हाला दोघांना जुन्या खुणा पाठ. तो पलंगापाशी खाली बसला, माझ्या उजव्या हाताशी, आणि म्हणाला, "हो असेल तर एक दाखव, नाही असेल तर दोन. बरा आहेस ना?"

मी एक बोट हलवायचा प्रयत्न केला. अख्खा जीव त्या बोटात आणला. बोट हललं नाही.

लुईस थांबला. मग म्हणाला, "ओके, नो प्रॉब्लेम, नंतर." आणि बाहेर गेला. दार पूर्ण लागलं नव्हतं. बाहेर बाबा त्याला म्हणत होते, "इट्स ओके, बेटा, इट्स ओके." बाबा मला कधी बेटा म्हणत नाहीत. आमच्यात नाव असतं किंवा 'अरे' असतं.

त्याच आठवड्यात खोलीतल्या टीव्हीवर बातमी आली. वरच्या संघाच्या कॅचरचा गुडघा गेला होता आणि खालून ज्याला बोलावलं होतं तो माझ्याच जागी खेळणारा पोरगेलासा खेळाडू होता, त्याला ग्लोव्ह कसा धरायचा ते मी शिकवलं होतं. डॅनानं घाईघाईनं रिमोट शोधला आणि टीव्ही बंद केला. मग काळ्या पडद्यात आम्ही दोघं दिसत होतो. ती म्हणाली, "तू पाहिलंस." मी डोळ्यांनी हो म्हणालो. ती म्हणाली, "आय ॲम सॉरी, ओंकार." ती मला एरवी ओम म्हणते.

आता काकू, म्हणजे नीलाकाकूंच्या वहिनी, तुम्ही हे वाचून दाखवताय ना, हे थोडं तुमच्यासाठी.

आई माझ्या पायांना खोबरेल लावायची. तिला काहीतरी करायचं होतं आणि तिला तेवढंच करता येत होतं. तिचा हात लागला की पाय पेटायचे. मला ओरडताही यायचं नाही. एक दिवस डॅना घरून आली आणि दारातच थांबली. तिचं लक्ष मॉनिटरवर गेलं.

"आई, स्टॉप," ती म्हणाली. "यू आर हर्टिंग हिम."

"मी त्याची आई आहे," आई मराठीतच म्हणाली. "मला कळतं त्याला काय हवं ते."

"लुक ॲट द नंबर." डॅनानं नाडीच्या आकड्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही हात लावला की तो वर जातो. प्लीज, बघा."

आईनं पायावर हात ठेवला. आकडा वर गेला. हात काढला. थोड्या वेळानं खाली आला. आईनं बाटलीचं झाकण लावलं, बाटली पर्समध्ये ठेवली आणि बाहेर जाऊन बसली. नंतर कितीतरी दिवस त्या दोघी माझ्या डोक्यावरून एकमेकींशी फक्त कामाचं बोलायच्या. चावी कुठे आहे. डॉक्टर किती वाजता येणार. मी मध्ये पडून ऐकायचो. आजारापेक्षा तेच कधी कधी जड व्हायचं.

मग एकदा आईनं डॅनाला विचारलं, "व्हेअर?"

डॅनाला कळेना.

आईनं पर्समधून बाटली काढली. "ऑइल. व्हेअर इज ओके?"

डॅनानं विचार केला. मग स्वतःचं बोट माझ्या भुवईवर ठेवलं आणि मॉनिटरकडे बघितलं. "हिअर," ती म्हणाली. "हिअर इज ओके."

त्यानंतर रोज दुपारी आई माझ्या कपाळाला तेल लावायची. तेव्हा मला झोप लागायची. काकू, कुठे चालतं ते शोधा. प्रत्येकाची जागा वेगळी असेल. आणि त्यांना रोज सांगा की आज वार कोणता, बाहेर ऊन आहे की ढग. नाकाला खाज सुटते, तेही विचारत जा. 'कसं वाटतंय' हे शक्यतो विचारू नका. ज्याचं उत्तर देता येत नाही ते विचारलं की फार एकटं वाटतं.

ग्लोरियानं एका शनिवारी माझे केस धुतले. उशीखाली प्लॅस्टिक घालून, मगानं कोमट पाणी ओतून, अजिबात घाई न करता. काही करण्याआधी ती सांगायची, "आता मी तुझं डोकं उचलते आहे." कितीतरी दिवसांत माझी परवानगी घेतल्यासारखं कुणी वागलं असेल तर ती. त्या सबंध उन्हाळ्यातली चांगली आठवण म्हणून मी हीच सांगेन.

वर येणं

खाली गेलो त्याच्या उलट्या क्रमानं, आणि फार सावकाश, सगळं परत यायला लागलं. नळी निघाली. आवाज आला, घोगरा. हात आले. पाय सगळ्यात शेवटी. पानगळ सुरू झाली तेव्हा मला ट्रॉयजवळच्या, उठणं-चालणं पुन्हा शिकवणाऱ्या रिहॅब सेंटरला हलवलं आणि तिथून मी आई-बाबांच्या घरी गेलो, व्हीलचेअरवर. डॅनाला शाळा सोडता येत नव्हती. ती शुक्रवारी ड्राइव्ह करून यायची आणि रविवारी परत जायची.

बाबांनी गॅरेजमधली गाडी बाहेर काढली आणि तिथे पाइपांचे दोन समांतर कठडे बसवले, माझ्या उंचीला मोजून. आयुष्यभर इंजिनिअरिंग केलेला माणूस, त्यांना हे जमतं. सकाळी माझ्याबरोबर तिथे उभे राहायचे. मी एक पाऊल टाकायचो, ते एक पाऊल मागे जायचे.

बाबांचं आणि बेसबॉलचं कधी जमलं नव्हतं. मॅचला यायचे, पण स्कोअर कधी विचारला नाही. दर दिवाळीला एकच प्रश्न. "ओंकार, हे अजून किती वर्षं? एम. एस. करायला उशीर झालेला नाही." मी चिडायचो, आई विषय बदलायची.

लोकांना वाटतं माणूस उभा राहिला की आजार संपला. नीलाकाकूंनाही तसंच वाटतं. खरं म्हणजे नंतरचा थकवा हाच मोठा भाग आहे. हा खेळून आलेला थकवा नव्हे, तो मला ओळखीचा होता, तो झोपलं की जातो. आंघोळ केली की तासभर पडायचं. कुणाशी फोनवर बोललं की पडायचं. जेवताना घास चावायचा कंटाळा. भेटायला आलेले काका-काकू म्हणायचे, "अरे वा, छान दिसतोयस." मी हसायचो आणि त्या हसण्यानंसुद्धा दमायचो.

डॅनाही दमली होती. एका रविवारी ती निघायच्या तयारीत होती, बॅग दाराशी होती. मी म्हणालो, "माझे मोजे घालून दे ना." ती खाली बसली, एक मोजा घातला, दुसरा हातातच राहिला.

"मला तुला काहीतरी सांगायचंय आणि ते वाईट आहे," ती म्हणाली. "मला कंटाळा आलाय. तुझी बायको असण्याचा नाही. तुझी नर्स असण्याचा. पूर्ण रस्ताभर मी गाडीत रडत येते आणि दारात आल्यावर तोंड पुसते."

"मलाही माझा कंटाळा आलाय," मी म्हणालो.

ती हसली नाही. दुसरा मोजा घातला. म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मी येणार नाही. घरी झोपणार आहे." आणि खरंच आली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आली तेव्हा तिचा चेहरा बरा दिसत होता. मला ते दोन आठवडे वाईट गेले. तरी तिनं बरोबर केलं. आमचं लग्न टिकलं त्यात त्या न आलेल्या शुक्रवाराचा वाटा आहे असं मला वाटतं. तिला विचारलं तर ती म्हणते, "मी फक्त झोपले होते."

हिवाळ्यात संघाच्या ऑफिसमधून फोन आला. बोलणारा माणूस सज्जन होता. त्यानं तब्येत विचारली, मग सांगितलं की ते मला करारातून मोकळं करताहेत. मी थँक यू म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ आठवत राहिलो, थँक यू कशाबद्दल.

पुन्हा बसून बघितलं

मी ठरवलं होतं की वसंत ऋतूत परत बसून बघायचं. कुणालाही सांगितलं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. बाबा गॅरेजमध्ये माझ्यासमोर उभे राहून गुडघे वाकवताना बघायचे. पहिल्यांदा पूर्ण उकिडवा बसलो तेव्हा कठडा धरून होतो. मग एका हातानं. मग न धरता. उठायला मात्र वेळ लागायचा.

लुईस तोवर दुसऱ्या संघात गेला होता आणि तो संघ आमच्या जवळ खेळायला आला होता. त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही एका इनडोअर हॉलमध्ये गेलो, जिथे शाळेतली मुलं सराव करतात. डॅना बरोबर होती. तिनं मागच्या बाजूला एक घडीची खुर्ची घेतली.

नडग्यांचे पॅड बांधले. जाळी घातली. जाळीच्या आतला तो वास, घामाचा आणि चामड्याचा, आला आणि मला एकदम बरं वाटलं. बसलो. लुईसनं हळू टाकायला सुरुवात केली. झेलत गेलो. आवाज छान येत होता.

"खरे टाक," मी म्हणालो.

"नको, आज एवढंच."

"लुईस, खरे टाक."

त्यानं टाकला. चेंडू मला दिसला. कुठे येणार ते कळलं, ग्लोव्ह कुठे न्यायचा ते कळलं, आणि ग्लोव्ह तिथे पोचायच्या आधी चेंडू तिथे होता. फार नाही, पापणी लवते तेवढाच उशीर. चेंडू ग्लोव्हच्या कडेला लागून खांद्यावर आदळला. आणखी टाकले. काही झेलले, काही नाही. मग उठून दुसऱ्या बेसच्या दिशेला फेकून बघितला. उठेपर्यंतच माणूस पोचला असता. चेंडू टप्पे खात गेला आणि हॉलच्या टोकाला लावलेल्या जाळीपाशी थांबला.

लुईस कमरेवर हात ठेवून उभा होता. मग तो जाऊन चेंडू गोळा करायला लागला. मी जाळी काढली. पॅडचे बक्कल उघडायला गेलो तर बोटांत जोर उरला नव्हता. डॅना उठून आली, जमिनीवर बसली आणि तिनं एकेक बक्कल उघडलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

मला रडू येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फार झोप आली होती.

घरी आलो तेव्हा बाबा घरामागच्या अंगणात होते, पायऱ्यांच्या खालच्या टोकाशी वाफा उकरत. मी त्यांच्याजवळ पायरीवर बसलो. तेही हात झटकून बसले.

"बाबा, मी थांबतोय," मी म्हणालो. "खेळणं. होत नाही आता."

मला वाटलं ते म्हणतील, बरं झालं. इतकी वर्षं त्यांना हेच हवं होतं. ते मातीकडे बघत राहिले.

"अजून एक वर्ष बघ की," ते म्हणाले.

"काय?"

"एका वर्षात नसा आणखी सुधारतात, मी वाचलंय. आपण गॅरेजमध्ये आणखी व्यायाम वाढवू. तू घाई करू नकोस."

"बाबा, तुम्हाला तर मी सोडावं असं वाटत होतं."

"तेव्हा वाटत होतं." त्यांनी वाफ्यातलं एक ढेकूळ बोटांनी फोडलं. "तू परत खेळलास ना, की मग हे सगळं झालंच नाही असं होईल. तुला ती नळी लावलेली बघितली ते. मला ते डोळ्यांसमोरून घालवायचंय रे. मला दुसरं काही सुचत नाही."

बाबांना रडताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ते आवाज न करता रडत होते, मातीचे हात गुडघ्यांवर तसेच ठेवून. मी एवढंच म्हणालो, "ते झालं, बाबा. झालं ते. आणि मी आहे."

सावली वाफ्यावरून पुढे सरकली. आतून आईनं जेवायला हाक मारली आणि दोघांपैकी कुणीच हललं नाही, मग दुसऱ्यांदा हाक आली. बाबांचे गुडघे आता दुखतात, त्यांनाही खालून पटकन उठता येत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी त्यांच्या कोपराला धरलं, आणि पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही उठलो.